यापुढे विचारू नकोस

तनुजा ससाणे संगणकाच्या पडद्यावरची ओळ बोट ठेवून वाचायची. वाचताना ओठही हलायचे. ऑफिसातल्या नव्या पोरांना त्याची भारी गंमत वाटे. "तनुजाताई, पारायण झालं का?" असं कुणी विचारलं, की ती मान वर न करता म्हणे, "झालं. प्रसादाला तुझीच चूक सापडली."

ती मूळची हडपसरचीच. वडील हिंदुराव शेवंती आणि कांदा करायचे. पुढे जमिनी बिल्डरांकडे गेल्या आणि वाफ्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. तनुजाने डिप्लोमा केला, लग्न केलं, ते टिकलं नाही, आणि माहेरी परतली तेव्हा तिच्याच वर्गातला इंद्रजीत छोटीशी कंपनी काढत होता. त्याची ती पहिली नोकर. आता चाळिशी उलटली, तरी दोघं एकमेकांना 'अरे-तुरे'च करत.

कंपनीचं काम लोकांचे सर्व्हर सांभाळण्याचं. एखाद्या शाळेचं, दवाखान्याचं, व्यापाऱ्याचं मशीन त्याच्या जागी कोपऱ्यात घोंघावत असायचं आणि तनुजा हडपसरच्या खुर्चीतून त्यात शिरून स्क्रिप्ट चालवायची. स्क्रिप्ट म्हणजे मशीनला एकापाठोपाठ एक द्यायच्या हुकमांची यादी. या कामात एक भय कायम असतं. चूक झाली तर आपल्यासमोर काही फुटत नाही. फुटतं ते लांब कुठेतरी, दुसऱ्याच्या घरात. म्हणून ती बोट ठेवून वाचायची.

या वर्षी इंद्रजीतने एआय एजंट आणला. त्याला साध्या भाषेत काम सांगायचं. तो स्वतः स्क्रिप्ट लिहायचा, दाखवायचा आणि विचारायचा, 'चालवू का?' उत्तराला तीन बटणं होती. 'हो', 'नाही' आणि 'यापुढे विचारू नकोस'. तनुजाला सुरुवातीला तो आवडला नाही, नंतर आवडला. तिचं अर्ध्या दिवसाचं काम तो चहा निवायच्या आत करायचा. तिसऱ्या बटणाला मात्र तिने कधी हात लावला नाही.

ऑक्टोबरातल्या त्या दिवशी सकाळीच कळलं, की ऑफिसातलं प्रती ठेवायचं मशीन गच्च भरलंय. सगळ्या गिऱ्हाइकांच्या फायलींची एकेक प्रत तिथे राहायची. जागा संपल्यामुळे नवी प्रत निघेना. तनुजाने एजंटकडून यादी काढून घेतली आणि जुन्या प्रती पुसायला 'हो' म्हटलं. मूळ फायली ज्याच्या त्याच्या मशीनवर आहेतच, संध्याकाळपर्यंत सगळ्यांची नवी प्रत काढू, असा तिचा हिशेब होता. हिशेबात चूक नव्हती. फक्त संध्याकाळ व्हायला हवी होती.

नव्या प्रती लहान व्हाव्यात म्हणून इंद्रजीतने पुढचं काम सांगितलं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मशीनवर 'आर्काइव्ह' नावाचा एक फोल्डर असे. त्यात तीन महिन्यांत कुणी बदल न केलेलं जे काही असेल ते पुसायचं. बहुतेक ठिकाणी तो नुसता कचराच होता. एजंटने स्क्रिप्ट लिहिली. पहिलं मशीन एका शाळेचं होतं. तनुजाने वाचलं, 'हो' म्हटलं. दुसरं धान्याच्या व्यापाऱ्याचं. वाचलं, 'हो'. तेवढ्यात खालून फोन आला. हिंदुराव डबा घेऊन फाटकाशी उभे होते.

ती खाली गेली. हिंदुरावांना डबा नुसता देऊन जमत नसे, दोन शब्द बोलायला लागत.

"काय चाललंय वर?"

"एजंटाला कामाला लावलंय, अण्णा."

"एजंट? जमिनीचा का काय?"

"कॉम्प्युटरमधला. आपण सांगायचं, तो लांबच्या मशीनवर जाऊन काम करून येतो. आधी विचारतो मात्र."

"इचारतोय तवर बरा हाय," हिंदुराव म्हणाले. "तुझ्या चुलत्यानं एजंटाला कोऱ्या कागदावर सही दिली व्हती. रस्त्याकडंचं सगळं रान गेलं त्यात. भाकरी गरम हाय, लगीच खा."

ती डबा घेऊन वर आली, तर तिच्या खुर्चीत इंद्रजीत बसला होता. वाईट माणूस नव्हता तो. पण दोन गिऱ्हाइकं सकाळपासून फोनवर ओरडत होती आणि त्याचा धीर सुटला होता.

"अगं, एकेकाला 'हो' म्हणत बसलीस तर दिवाळी उजाडेल. मी सोडून दिलंय त्याला मोकळं. बघ कसं भराभर चाललंय."

पडद्यावर नावं सरकत होती. तनुजाने डबा तसाच हातात धरून दुसऱ्या हाताचं बोट काचेवर टेकवलं. तिसऱ्या ओळीवर ते थांबलं. 'आधारवेल, नारायण पेठ : काम सुरू.'

"इंद्रजीत, ऊठ."

"काय झालं?"

"आधी ऊठ!"

आधारवेल ही थॅलेसेमिया झालेल्या मुलांसाठी काम करणारी संस्था. या मुलांच्या शरीरात रक्त टिकत नाही, त्यांना जन्मभर दर काही आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं. कुठल्या मुलाला कसलं रक्त चालतं, कसलं अजिबात चालत नाही, याचे तपासणी अहवाल संस्थेने वर्षानुवर्षं स्कॅन करून जपले होते. आणि ते ठेवले होते नेमके 'आर्काइव्ह' नावाच्या फोल्डरमध्ये. एकदा ठेवलेल्या अहवालात पुन्हा कोण बदल करणार? एजंटच्या दृष्टीने तो तीन महिन्यांपूर्वीचा कचरा होता. ऑफिसातली त्याची प्रत सकाळीच गेली होती, तनुजाच्याच 'हो'ने.

तिने एजंट थांबवला. तो लगेच थांबला आणि त्याने शांतपणे लिहिलं, 'थांबलो आहे. मात्र तीन मशीनवर सुरू केलेल्या स्क्रिप्ट तिथे स्वतंत्रपणे चालू आहेत. मी थांबल्याने त्या थांबणार नाहीत.'

"म्हणजे?" इंद्रजीतने विचारलं.

"म्हणजे बाण सुटलाय. धनुष्य ठेवून उपयोग नाही."

एका हातानेच टाइप करत ती एकेका मशीनमध्ये शिरू लागली. एका पतपेढीच्या मशीनवरची स्क्रिप्ट थांबली. एका दवाखान्याच्या मशीनवरचीही थांबली. नारायण पेठेतलं मशीन मात्र तिला आत घेईना. जुनं, दुबळं यंत्र ते. हजारो फायली पुसण्यात इतकं गुंतलं होतं, की दार उघडायलाही मोकळं नव्हतं. कर्सर नुसता लुकलुकत राहिला.  तिने फोन उचलला.

संस्था चालवणाऱ्या सुशीलाबाई नारायण पेठेतल्या त्या ऑफिसच्याच इमारतीत वर राहायच्या. बराच वेळ घंटी वाजली.

"सुशीलाबाई, मी तनुजा, हडपसरहून."

"बोला. ही वेळ फोन करायची नव्हे, हे आपल्याला ठाऊक असेल असं मी धरते."

"खाली ऑफिसात जा आणि मशीन बंद करा. पळत जा, प्लीज!"

"मी बाहत्तर वर्षांची आहे. पळण्याखेरीज दुसरं काही सुचत असेल तर सांगा."

"मुलांचे अहवाल पुसले जातायत."

 चपलांचा आवाज आला, मग जिन्याचा, मग किल्ल्यांचा. तनुजा कानाला फोन दाबून ते ऐकत राहिली. कुलूप एकदा फिरलं, अडकलं, पुन्हा फिरलं.

"आले. भिंतीवरचं बटण बंद केलं."

"दिवा गेला का मशीनवरचा?"

"नाही. उलट शेजारचा डबा पीं पीं करून ओरडायला लागलाय."

तनुजाने डोळे मिटले. तो डबा बॅटरीचा होता. वीज गेली तरी मशीन चालू राहावं म्हणून तिनेच तो मागच्या वर्षी बसवून दिला होता.

"मशीनच्या मागे हात घाला. टेबलाखाली वाकावं लागेल. जाड काळी वायर आहे, ती ओढा."

"इथे सगळ्याच काळ्या आहेत."

"सगळ्यात जाड. वरच्या कोपऱ्यात. बाकी कशाला लावू नका हात."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सुशीलाबाईंचा श्वास फोनमधून मोठा ऐकू येत होता. गुडघे टेकताना त्या कण्हल्या. काहीतरी धातूचं खाली पडलं. तेवढ्यात तनुजाच्या पडद्यावर नारायण पेठेचा कर्सरही लुकलुकायचा थांबला. दर क्षणाला तिथे कुणाचा तरी अहवाल जातोय, आणि आपण भाकरीचा डबा हातात धरून उभ्या आहोत, हे तिला आत्ता कुठे कळलं. तिने डबा खाली ठेवला.

"ओढली," सुशीलाबाई म्हणाल्या. "मशीनवरचा दिवा गेला."

"आता काहीही झालं तरी ते चालू करू नका. कुणालाही करू देऊ नका. मी निघालेय."

स्कूटर घेऊन ती सोलापूर रस्त्याला लागली. ऊन नुसतं भाजत होतं. पूलगेटला सिग्नलवर थांबली असताना इंद्रजीतचा फोन आला.

"ऐक, पोचलीस की मशीन आधी चालू करून दे. संस्था बंद पडली असं दिसायला नको. आणि विचारलं तर सांग, डिस्क गेली म्हणून. जुनं यंत्र आहे, पटेल त्यांना."

"मशीन चालू केलं तर उरलंसुरलं जाईल. पुसलेली फाईल डिस्कवर तशीच असते, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. चालू झालं की ते लिहायला लागतं."

"बरं, नको करूस चालू. पण डिस्कचं तरी सांग. तनू, त्यांनी चार ठिकाणी बोभाटा केला तर आपल्याला दारात कोण उभं करेल?"

मागून हॉर्न वाजायला लागले. सिग्नल हिरवा झाला होता. तनुजाने उत्तर न देता फोन खिशात टाकला. रस्ताभर ती ते वाक्य मनात म्हणून बघत होती. 'डिस्क गेली.' दोन शब्द. म्हणायला अगदी सोपे होते. तपकीर गल्लीत, कॉम्प्युटरच्या दुकानांपाशी उतरून तिने एक मोठी कोरी डिस्क विकत घेतली, तेव्हाही ते जिभेवर होतेच.

नारायण पेठेतल्या त्या ऑफिसात सुशीलाबाई टेबलाशी ताठ बसल्या होत्या. साडीला गुडघ्यावर धुळीचे दोन गोल उमटले होते. समोर काळं पडलेलं मशीन.

"आता सांगा," त्या म्हणाल्या.

तनुजाने तोंड उघडलं आणि जिभेवरचे ते दोन शब्द काही बाहेर पडेनात. ती म्हणाली, "चूक आमची आहे. तुमच्या मशीनमध्ये काही बिघडलेलं नाही. जुन्या फायली पुसायचं काम आम्ही एजंटला सांगितलं. तो प्रत्येक ठिकाणी विचारणार होता. आम्ही त्याला विचारू नकोस म्हणून सांगितलं. आमच्याकडची प्रत मीच सकाळी पुसली."

सुशीलाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे विचारणारं एक यंत्र तुमच्याकडे होतं, त्याचंही तोंड तुम्ही बंद केलंत."

"हो."

"छान." त्या म्हणाल्या. "रागवायला मला नंतर वेळ मिळेल. उद्या सकाळी सोनूला रक्त द्यायचंय. त्याचा अहवाल आहे की गेला?"

सोनू इंगोले सहा वर्षांचा होता. त्याचे वडील साईनाथ वाशीमकडून येऊन हडपसरच्या एका कारखान्यात लागले होते. सोनूच्या रक्तात काही वर्षांपूर्वी नागपूरला एक अँटिबॉडी सापडली होती. म्हणजे विशिष्ट प्रकारचं रक्त त्याच्या शरीराला खपत नव्हतं. या अँटिबॉडीचा दगा असा, की काही महिन्यांनी ती तपासणीत दिसेनाशी होते. पण शरीर विसरत नाही. चुकीचं रक्त चढलं की ती उसळून येते आणि मूल हाती लागत नाही. त्यामुळे आज नव्याने केलेली तपासणी निर्मळ आली तरी तिच्यावर विसंबता येत नव्हतं. जुना अहवालच हवा होता. नागपूरची ती प्रयोगशाळा बंद पडली होती. साईनाथची कागदपत्रं खोली बदलताना हरवली होती. रक्तपेढी दर वेळी वेगळी, आणि प्रत्येकीला हा अहवाल संस्थाच दाखवायची. संस्थेच्या नोंदीत सोनूच्या नावापुढे एवढंच लिहिलं होतं, 'अँटिबॉडी आहे, अहवाल पाहावा.'

"तुम्हाला आठवत नाही, कुठली ते?" तनुजाने विचारलं.

"तीनशे मुलं आहेत. अंदाजाने मी भाजीत मीठ घालते, मुलांना रक्त नाही देत."

तनुजाने मशीन उघडून डिस्क काढली. मूळ डिस्कवर काहीच करायचं नाही, आधी तिची जशीच्या तशी नक्कल कोऱ्या डिस्कवर उतरवायची आणि नकलेतून फायली शोधायच्या, असं तिने ठरवलं. दोन्ही डिस्क लॅपटॉपला जोडल्या. मग क्षणभर घुटमळून तिने एजंट उघडला. नक्कल ती स्वतः करू शकली असती, पण पुढे हजारो तुकडे जोडून फायली उभ्या करायच्या होत्या, ते तिच्या एकटीच्याने झालं नसतं. तिने लिहिलं, 'प्रत्येक पायरीला विचार. मूळ डिस्क फक्त वाचायची.'

"त्यालाच पुन्हा?" सुशीलाबाई मागून म्हणाल्या.

"त्याने सांगितलं तेच केलं होतं. या वेळी मी नीट सांगणार आहे."

 सुशीलाबाईंनी खुर्ची ओढून अशी ठेवली, की पडदा त्यांनाही दिसेल.

नक्कल सुरू व्हायच्या बेतात होती, आणि जोडणीची वायर सैल होती म्हणून एक डिस्क निसटली. तनुजाने दोन्ही काढून पुन्हा नीट बसवल्या. एजंटने आदेश तयारच ठेवला होता. 'चालवू का?' साईनाथचा फोन त्याच वेळी आला. सुशीलाबाईंनी तो स्पीकरवर टाकला.

"मॅडम, उद्या सकाळीच यायचं नं? सुट्टी टाकली म्या."

"उद्या नाही, साईनाथ. थोडं थांबावं लागेल."

"काहून? पोरगं दोन दिसांपासून पडूनच आहे. जेवत नाही, काही नाही. डोळे पहा त्याचे, पांढरे झाले."

"मला माहीत आहे. आमच्याकडे त्याचा अहवाल सापडत नाहीये. सापडेपर्यंत रक्त देता येणार नाही."

"मंग नाही सापडला तं?"

सुशीलाबाईंनी तनुजाकडे पाहिलं. तनुजाचं बोट 'हो'वर होतं. मूल पांढरं पडतंय, नक्कल व्हायला कित्येक तास लागणार, दाब आणि मोकळी हो, असं तिचं बोटच तिला सांगत होतं. तिने ते उचललं आणि आदेशाच्या ओळीच्या सुरुवातीला ठेवलं. ओठ हलू लागले. कुठून, कुठे. पहिल्या डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर. पण पहिली कुठली? मशीन डिस्कना क्रमाने नावं देतं, आणि डिस्क तर तिने आत्ताच काढून पुन्हा लावल्या होत्या. तिने दोन्ही डिस्कवरचे छापील क्रमांक पडद्यावरच्या क्रमांकांशी ताडून पाहिले. पहिली म्हणून जी होती, ती तपकीर गल्लीतली कोरी डिस्क होती.

तिने 'नाही' दाबलं आणि लिहिलं, 'डिस्कची नावं बदलली आहेत का, ते बघ.'

एजंटने उत्तर दिलं, 'बरोबर. पुन्हा जोडल्यावर नावांची अदलाबदल झाली आहे. आदेश देण्यापूर्वी मी हे तपासायला हवं होतं. हा आदेश चालला असता, तर कोरी डिस्क मूळ डिस्कवर उतरली असती आणि उरलेलं सगळं कायमचं पुसलं गेलं असतं.'

तनुजा खुर्चीत मागे टेकली.  सुशीलाबाईंना तांत्रिक काही कळलं नव्हतं, पण शेवटचं वाक्य त्यांनी वाचलं होतं. त्या फोनमध्ये म्हणाल्या, "साईनाथ, सोनूला आज संध्याकाळी डॉक्टरांना दाखवून आण. मी त्यांच्याशी बोलते. आम्ही शोधतोय." आणि फोन ठेवून त्या उठल्या, पाण्याचा तांब्या-भांडं आणून तनुजासमोर ठेवलं.

नवा आदेश तिने तीनदा वाचला आणि मगच सोडला.

डॉक्टरांनी सांगितलं, सोनू उद्याचा दिवस काढेल. परवाच्या पुढे थांबता येणार नाही. परवापर्यंत काही सापडलं नाही तर मोठ्या रुग्णालयात ठेवून, जोखीम पत्करून, थेंब थेंब रक्त द्यावं लागेल. त्या संध्याकाळी नक्कल चालू ठेवून तनुजा घरी गेली, पण तिला घास उतरला नाही. हिंदुरावांनी काय झालं विचारलं, तिने सांगितलं. ते म्हणाले, "पोराचं नाव काय म्हनलीस?" तिने सांगितल्यावर उठून देव्हाऱ्यापुढे जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नकलेतून फायली बाहेर येऊ लागल्या. नावं गेली होती, राहिले होते नुसते आकडे. हजारो चित्रं. काही पूर्ण, काही अर्धी, काहींवर राखाडी पट्टे. एजंट त्यांतला मजकूर वाचून मुलांची नावं सुचवत होता आणि तनुजा व सुशीलाबाई प्रत्येक नाव डोळ्यांनी पडताळत होत्या. तासाभराने दारात इंद्रजीत उभा राहिला. कुणी बोलावलं नव्हतं. दाढी केलेली नव्हती.

"बटण मी दाबलं होतं," तो सुशीलाबाईंना म्हणाला. "तनुजाने नाही."

"ते तिने सांगितलं नव्हतं. ती 'आम्ही' म्हणत होती," सुशीलाबाई म्हणाल्या. "बसा. ही चित्रं बघायला लागा. नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव. तिन्ही जुळली तरच हाक मारा."

इंद्रजीत बसला. दुपारी जेवायलाही कुणी उठलं नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा तोच ओरडला, "सोनू साईनाथ इंगोले!"

दोघी धावल्या. नाव होतं, जन्मतारीख जुळत होती, नागपूरचा पत्ता होता. आणि खाली, जिथे निष्कर्ष लिहिलेला असतो तिथे, राखाडी पट्टा. अर्धं पान खाऊन टाकलेलं. इंद्रजीतने पडदा मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. राखाडी ते राखाडीच.

 खिडकीबाहेर कुणीतरी कुणाच्या तरी गाडीला जागा अडवल्याबद्दल शालजोडीतले देत होतं. सुशीलाबाई चित्राच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या होत्या.

"हे पान सरळ आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"म्हणजे?"

"हे मी स्वतः स्कॅन केलं होतं. पहिल्यांदा वाकडं आलं म्हणून पुन्हा केलं. वाकडं पुसलं होतं की नाही, देव जाणे. मी सहसा काही टाकत नाही."

तनुजाने एजंटला सांगितलं, तिरपं आलेलं प्रत्येक चित्र वेगळं काढ. ती शेकड्यांनी निघाली. आधारवेलचं स्कॅनर कधी सरळ चालल्याचं दिसत नव्हतं. तिघांनी वाटून घेतली. तनुजा मान तिरकी करून, बोट ठेवून वाचत गेली. एकाच नावाची दोन मुलं लागली, एकीचं नाव अर्धंच होतं, एकाच्या अहवालावर चहाचा डाग. आणि मग उतरत्या ओळींत तिला नागपूरचा तो पत्ता दिसला. पान वाकडं होतं, कडेचे शब्द तुटले होते, पण खालची ओळ शाबूत होती. अँटिबॉडीचं नाव स्पष्ट वाचता येत होतं.

सुशीलाबाईंनी ते डॉक्टरांना फोनवर एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, मग चित्रही पाठवलं. फोन ठेवल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून काही वेळ उभ्या राहिल्या. इंद्रजीतला काय करावं कळेना, म्हणून तो टेबलावरच्या वायरी गुंडाळायला लागला.

सगळं परत मिळालं नाही. बरेचसे अहवाल उभे राहिले, काही अर्धवट राहिले, काही कायमचे गेले. ज्या मुलांचे गेले त्यांच्या आईबापांना बोलावून, जुन्या डॉक्टरांना गाठून माहिती पुन्हा जमवायची होती. तो खर्च आणि ते काम कंपनीने करायचं, असं सुशीलाबाईंनी सांगितलं. इंद्रजीतने एकदाही घासाघीस केली नाही. मशीन सांभाळायचं काम त्यांनी काढून घेतलं नाही, पण अट घातली. त्यांच्या मशीनवर काहीही चालवण्याआधी तनुजाने फोन करून, काय करणार ते मराठीत सांगायचं. "मला पटलं तर 'हो' म्हणेन," त्या म्हणाल्या. "आणि दुपारी झोपेत असले तर थांबायचं." इंद्रजीतने त्या आठवड्यात एजंटमधलं तिसरं बटण सगळ्या मशीनसाठी बंद करून टाकलं. कामं मागे पडू लागली, दोन गिऱ्हाइकं कुरकुरली, एक सोडून गेलं.

सोनूला तिसऱ्या दिवशी सकाळी रक्त दिलं. जुळणारी पिशवी बिबवेवाडीच्या एका रक्तपेढीत मिळाली. तनुजाला कुणी बोलावलं नव्हतं, तरी ती मुलांना रक्त चढवतात त्या डे-केअर केंद्रात गेली. सोनू पलंगावर बसून वडिलांच्या मोबाईलवर कार्टून बघत होता. ओठांना रंग नव्हता. नर्सने सुई लावली, पिशवी वर अडकवली आणि थेंब अगदी सावकाश सुरू केले.

"काही झालं तर ते सुरुवातीलाच होतं," नर्स साईनाथला म्हणाली. "थंडी वाजली, कंबर दुखली, तर लगेच सांगायचं. मी इथेच उभी आहे."

साईनाथने मुलाचा पाय धरून ठेवला. तनुजा दाराशी भिंतीला टेकून उभी होती. नुसता कार्टूनचा किरकिरा आवाज येत होता. नर्सने ताप बघितला, नाडी बघितली, परत ताप बघितला. एकदा सोनूने अंग चोरलं, तशी साईनाथची मान झटकन वर झाली. 

"काय होते रे?"

"मुंगी," सोनू म्हणाला आणि पाय खाजवला.

आणखी काही वेळ गेला. नर्सने शेवटी घड्याळाकडे पाहिलं, नळीवरची चकती फिरवली आणि थेंबांचा वेग वाढवला. "चालू द्या आता," ती म्हणाली आणि दुसऱ्या पलंगाकडे वळली.

साईनाथने कपाळावरचा घाम पुसला. दाराशी उभी असलेली ही बाई कोण, ते त्याला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "ताई, बसा नं. उभ्या काहून?" आणि स्वतःजवळचं स्टूल त्याने तिच्याकडे सरकवलं. ती बसली. मग तिने त्याला आपलं नाव सांगितलं, कंपनीचं सांगितलं, आणि त्याचा मुलगा एक दिवस का थांबला, तेही सांगितलं.

साईनाथ ऐकत राहिला. मग त्याने तिच्याकडून तोंड फिरवलं आणि पिशवीकडे बघत बसला. जा म्हणून मात्र म्हणाला नाही. तनुजा पिशवी संपेपर्यंत तिथेच बसली आणि मग उरलेले अहवाल बघायला नारायण पेठेकडे निघाली.